सध्यां काय ऐकतां?

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूस वळली, कीं पहिलें स्टेशन लागतें तें विठ्ठलवाडी. पुढें उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. नांव उच्चारतांच टाळ-मृदंग कानांत वाजूं लागावा असें तें स्थळ. पण आज तेथें वाडी अशी कांहीं उरलेली नाहीं. एस्. टी.चें आगार आहे, दाटीनें उभ्या राहिलेल्या इमारती आहेत, आणि जवळून वालधुनी नदी वाहते. तिच्या पाण्याविषयीं न बोललेलें बरें. शेजारचें उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं ती वसविली आणि १९४९ सालीं तिला हें नवें नांव मिळालें. आजहि तेथले लोक पत्ता सांगतांना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेंच म्हणतात.

माझी धाकटी बहीण विठ्ठलवाडीस राहते. गेल्या वर्षीं माझे मेहुणे वारले. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत प्रेस मशीनवर काम करतो. वय तेवीस. कांहीं महिन्यांपूर्वीं बहिणीचा फोन आला. "दादा, तूं एकदां येऊन जा. हा पोरगा रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत कानाला तें लावून बसतो. एकदां मीं काढून माझ्या कानाला लावून पाहिलें. कोणी तरी रेड्यासारखा ओरडत होता. सदरे सगळे काळे, आणि त्यांवर कवट्या. वर्षश्राद्ध होऊन पंधरा दिवस नाहीं झाले, आणि ह्याच्या अंगावर कवट्या!"

मी भजनी मंडळांत पेटी वाजविणारा मनुष्य. उपदेशाचीं चार वाक्यें गाडींतच जुळवून ठेवलीं. रविवारीं दुपारीं पोंचलों. भाच्यानें चहा दिला आणि माझ्या चेहऱ्यावरून सर्व ओळखून तो म्हणाला, "मामा, बोलायचें तें रात्रीं बोला. आतां संध्याकाळीं माझ्याबरोबर चला."

एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलींत पांच जण जमले. एक जीन्स धुण्याच्या कारखान्यांतला, एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, एक सिंधी मुलगा, ज्याचें मोबाइल दुरुस्तीचें दुकान आहे आणि ज्याचें मराठी माझ्या भाच्याहून शुद्ध आहे. परिचारिकेचें शिक्षण घेणारी एक मुलगी. आणि माझा भाचा. त्यांनीं एकमेकांना "कसा आहेस" म्हणून विचारलें नाहीं. नोकरीचें, घरचें, कशाचेंहि विचारलें नाहीं. पहिलें वाक्य हेंच, "बोल, सध्यां काय ऐकतोस?"

आणि ह्या प्रश्नाला तेथें नियम आहेत. प्रत्येकानें एकच नांव सांगावयाचें. तें कां ऐकतों हें दोन वाक्यांत सांगावयाचें. मग तें गाणें एका लहानशा ध्वनिवर्धकावर लावावयाचें, आणि संपेपर्यंत कोणीं तोंड उघडावयाचें नाहीं. आवडलें नाहीं तर तसें सांगावयाची मुभा, पण संपल्यावर. आमच्या संगीतसभांत तबलजी हातोडीनें तबला लावीत असतां मागच्या रांगेंत भाजीच्या भावाची चर्चा चालते, हें मला त्या वेळीं आठवलें, आणि मी आपला मुकाट्यानें कठड्याला टेकून बसलों.

हें संगीत म्हणजे मेटल. त्यांतहि ह्या मुलांना आवडतो तो त्याचा टोंकाचा भाग. त्याच्या अनेक जाती आहेत आणि ह्या जातींचे भेद तीं मुलें घराण्यांच्या अभिमानानें सांगतात. थ्रॅश म्हणजे वेगवान, चिरफाड करणारें. डेथ मेटल म्हणजे खर्जांतल्या गुरगुरीचें, अवघड लयींचें. ब्लॅक मेटल म्हणजे बोचऱ्या वाऱ्यासारखें, किंकाळीचें. डूम म्हणजे अतिविलंबित. ग्राइंडकोअर म्हणजे अतिद्रुत. मीं विचारलें, "अतिद्रुत म्हणजे किती?" जीन्सवाल्या मुलानें उत्तर दिलें नाहीं, बोट दाबलें, आणि कांहीं तरी फुटल्यासारखा आवाज झाला. "झालें," तो म्हणाला. इंग्लंडांतल्या नेपाम डेथ ह्या संचाचें तें गाणें, १९८७ सालच्या 'स्कम' ह्या तबकडींतलें. लांबी १.३१६ सेकंद. जगांतील सर्वांत लहान ध्वनिमुद्रित गाणें म्हणून गिनेसच्या पुस्तकांत त्याची नोंद आहे. मला हंसूं आलें, तशीं तींहि हंसलीं. पण लगेच विद्यार्थ्यानें सांगितलें, कीं स्लीप नांवाच्या अमेरिकन संचाची एकच रचना ६३ मिनिटें चालते. म्हणजे बडा ख्यालहि ह्यांच्याकडे आहे, आणि शिंकहि.

तो गुरगुरणारा आवाज कसा काढतात हें मला त्या परिचारिकेनें समजावून दिलें. तिचा अभ्यासाचा विषय पडला. आपल्या कंठांत खऱ्या स्वररज्जूंच्या वर आणखी दोन पडदे असतात. त्यांना खोट्या स्वररज्जू म्हणतात. बोलतांना त्यांचें कांहीं काम नसतें. त्यांना पोटांतल्या श्वासाच्या आधारानें कंप दिला, कीं तो खोल, दाणेदार ध्वनि निघतो. तिबेटांतील लामांच्या मंत्रपठणांतला गंभीर खर्जहि ह्याच पडद्यांच्या साह्यानें निघतो. नुसत्या घशानें ओरडूं लागणाऱ्याचा आवाज चार दिवसांत बसतो. म्हणून ह्या गायकांनाहि रियाज करावा लागतो. ढोल वाजविणाऱ्याचें तेंच. दोन्ही पायांनीं दोन पायटे दाबीत आणि हातांनीं आळीपाळीनें ताशासारखे आघात करीत तो मिनिटाला दोनशेंहून अधिक मात्रांची गति टिकवितो. ह्याला तीं ब्लास्ट बीट म्हणतात. मी पेटीवाला, हातांचें दुखणें मला कळतें. त्या गाण्याच्या चांगले-वाइटपणाविषयीं माझें मत बनण्यापूर्वीं त्या मजुराविषयीं आदर उत्पन्न झाला, हें मी प्रामाणिकपणें सांगतों.

आतां ह्या संगीताचा जन्म. ही गोष्ट मला भाच्यानें सांगितली, आणि ती तो ज्या तऱ्हेनें सांगत होता तिच्यावरून मला उमगलें, कीं त्याला ती आपल्या कारखान्यांतलीच वाटते. इंग्लंडांतलें बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें गांव. तेथें टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्रे कापण्याच्या कारखान्यांत कामाला होता. तो गिटार वाजवी आणि आतां वादकाचाच पेशा पत्करावयाचा म्हणून त्यानें नोकरी सोडली. नोकरीच्या शेवटच्या दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. सगळें संपलें असें समजून तो बसला असतां त्याच्या कारखान्याचा फोरमन एक तबकडी घेऊन आला आणि म्हणाला, हें ऐक. आयोमीची ऐकण्याची इच्छा नव्हती; फोरमननें आग्रह केला. ऐकून झाल्यावर त्यानें सांगितलें, कीं हा वाजविणारा जँगो राइनहार्ट. १९२८ सालीं ह्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं, आणि हा उरलेल्या दोन बोटांनीं वाजवितो आहे.

आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, त्यांवर चामडें बसविलें. ताणलेल्या तारा दाबवत ना, म्हणून पुढें त्यानें त्या सैल केल्या. तारा सैल झाल्या तसा स्वर खालीं गेला, जड झाला, भयाण झाला. त्याच्या ब्लॅक सॅबाथ ह्या संचाची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजीं, शुक्रवारीं निघाली, आणि मेटल नांवाच्या सबंध कुळाचा मूळ पुरुष म्हणून आज तिच्याकडे बोट दाखवितात. त्या संचाचा गायक ऑझी ऑस्बोर्न २०२५ च्या जुलैंत वारला. त्याच महिन्याच्या ५ तारखेस ह्या चौघांनीं बर्मिंगहॅमला, आपल्या गांवीं, अखेरचा कार्यक्रम केला होता. तो अशक्त झाला होता. त्यानें बसून गायिलें.

"मामा," भाचा म्हणाला, "आमच्या शॉपमध्यें दोघांचीं बोटें गेलीं आहेत. त्यांना कोणी तबकडी आणून दिली नाहीं."

मला ह्या गोष्टींतला फोरमन फार महत्त्वाचा वाटतो. त्यानें केलें काय, तर आपण काय ऐकतों तें दुसऱ्याला ऐकविलें. आणि पुढें हें संगीत जगभर पसरलें तें देखील ह्याच रीतीनें. १९८० नंतरच्या दशकांत ह्या संचांना नभोवाणी जवळ करीत नव्हती आणि मोठ्या कंपन्या विचारीत नव्हत्या. तेव्हां अमेरिकेंतला एक मुलगा आपल्या संचाची कॅसेट पाकिटांत घालून स्वीडनला पाठवी; स्वीडनचा तिच्या प्रती करून ब्राझीलला पाठवी; सोबत चिठ्ठी, कीं मी सध्यां हें ऐकतों आहें, तूं काय ऐकतोस तें पाठीव. प्रतीची प्रत होतां होतां आवाज इतका खरखरे, कीं गाणें कोणतें व खरखर कोणती हें सांगणें कठीण. टपालखात्यावर जगलेलें असें दुसरें संगीत माझ्या माहितींत नाहीं.

मुंबईंतहि हें बीज लवकर पडलें. धोबीतलावाला सेंट झेवियर कॉलेजच्या शेजारीं रंगभवन नांवाचें खुलें नाट्यगृह आहे. तेथें १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नांवाचा वार्षिक मेळा भरे. पुढें शांतता क्षेत्राचा नियम आला. रुग्णालयें जवळ, न्यायालय जवळ. आणि ह्या शतकाच्या आरंभीं तेथलें संगीत थांबलें. नियम योग्य होता असेंच मी म्हणेन. रुग्णाची झोंप कोणत्याहि गिटारीपेक्षां मोठी. पण एक जागा बंद करतांना दुसरी द्यावी लागते हें आपल्या नगरांना सुचत नाहीं. काळा घोड्याजवळचें ऱ्हिदम हाउस हें दुकानहि २०१६ सालीं बंद झालें. तेथें उभें राहून तबकड्या चाळण्यांत तीन पिढ्यांचे दुपारचे तास गेले होते.

ह्या मुलांच्या तोंडीं जीं मुंबईचीं नांवें वारंवार येतात त्यांतलीं कांहीं सांगतों. २००० सालीं निघालेला डेमॉनिक रिझरेक्शन हा संच. त्याचा प्रमुख साहिल मखिजा. ह्या गृहस्थाचें दुसरें प्रसिद्ध काम पाककृती शिकविण्याचें आहे, हें ऐकून माझ्या बहिणीची भीति अर्धी ओसरली. २०१७ सालीं त्यांनीं 'दशावतार' नांवाची तबकडी काढली. दहा गाणीं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचें एकेक. विद्यार्थ्यानें त्या दिवशीं त्यांतलें नरसिंहाचें लावलें होतें. शब्द मला कळले नाहींत. पण खांब फुटून जो बाहेर आला तो कांहीं यमन आळवीत आला नसेल, हें कबूल केलें पाहिजे. दुसरा संच स्क्राइब. ह्यांची विनोदबुद्धि मला फार आवडली. एका तबकडीचें नांव 'मार्क ऑफ तेजा', दुसरीचें 'हेल मोगॅम्बो'. हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांचा असा सत्कार दुसऱ्या कोणीं केला नसेल. झिग्नेमा हा संच २०११ सालीं जर्मनींतल्या वाकेन ह्या खेड्यांतल्या जंगी मेळ्यांत वाजवून आला. गटस्लिट ह्या संचांत बास गिटार वाजविणारे गुरदीप सिंग नारंग पगडी बांधून रंगमंचावर उभे राहतात; मोबाइलवाल्या मुलानें त्या दिवशीं सांगितलेलें नांव तें. तो म्हणाला, "मामा, हे लोक युरोपांत गाडी घेऊन गांवोगांव वाजवीत फिरले. आमचे आजोबा हैदराबाद सिंधहून कल्याण कॅम्पांत आले तेव्हां त्यांच्याजवळ एक पेटी होती, कपड्यांची." ह्या दोन वाक्यांचा संबंध त्यानें सांगितला नाहीं, आणि मींहि विचारला नाहीं.

आणि एक संच आहे, ज्याचें नांवच भयानक मौत. २००३ सालापासूनचा.

हें नांव ऐकल्यावर मात्र माझ्यांतला जुना विद्यार्थी जागा झाला. भरतमुनीनें आठ रस सांगितले. त्यांत शृंगार आहे, हास्य आहे, करुण आहे. पण रौद्र आहे, भयानक आहे, आणि बीभत्सहि आहे. बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, म्हणजे किळस. ज्याची किळस यावी त्यापासून आनंद कसा व्हावा, ह्या प्रश्नावर आमच्या साहित्यशास्त्रज्ञांनीं केवढी शाई खर्च केली! के. ना. वाटव्यांच्या 'रसविमर्शा'च्या काळांत हा वाद वर्गावर्गांतून चाले. आम्ही काव्यांतल्या बीभत्साचीं उदाहरणें शोधून शोधून स्मशानांतल्या पिशाच्चांवर येऊन थांबत असूं, आणि गाण्यांत तर बीभत्साचें उदाहरण मिळणेंच कठीण. नाट्यसंगीतांत शृंगार व करुण ह्यांनीं सगळी जागा व्यापली. वीराला थोडी मिळाली. बाकीचे बिचारे दाराशीं उभे. विठ्ठलवाडीच्या गच्चीवर ते तिघे, रौद्र, भयानक आणि बीभत्स, मला एकदम भेटले. ओळख पटावयास वेळ लागला, कारण ते इंग्रजींत बोलत होते. आमच्याकडे ते कधीं नव्हतेच असें मात्र नव्हे. पोतराजाचा आसूड आणि कडाडणारें वाद्य, गोंधळ्याच्या संबळाचा उत्तररात्रींचा कडकडाट, शिमग्याच्या बोंबा. हें सर्व आम्हीं संगीताच्या बाहेर ठेवलें, आणि मग आमच्या संगीतांत भयानक रस नाहीं म्हणून समाधान मानलें.

ह्या संगीताला काळी बाजू नाहीं काय? आहे, आणि ती लपविणें मला योग्य वाटत नाहीं. नॉर्वे देशांत १९९० नंतर ब्लॅक मेटलच्या कांहीं तरुणांनीं जुनीं लांकडी प्रार्थनामंदिरें जाळलीं. बर्गनजवळचें बाराव्या शतकांतलें फान्टॉफ्टचें मंदिर १९९२ च्या जूनमध्यें जळालें. पुढच्या वर्षीं बुर्झुम ह्या नांवानें वाजविणाऱ्या व्हार्ग विकर्नेसनें मेहेम ह्या संचाच्या गिटारवादकाचा खून केला. १९९४ सालीं त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. त्या गच्चीवर ह्यावर चांगलाच वाद झाला. परिचारिका म्हणाली, "मी त्याचें कधींच ऐकत नाहीं. ऐकायला चांगलें आहे, म्हणून तर ऐकत नाहीं." विद्यार्थ्याचें म्हणणें, कीं गाणारा वेगळा व गाणें वेगळें, तुरुंगांतला माणूस आणि तबकडीवरचे स्वर ह्यांचा संबंध काय? जीन्सवाला म्हणाला, "पैसे न देतां ऐकावें." हा तोडगा फार मराठी वाटला. माझें मत विचारलें तेव्हां मी मुलीच्या बाजूचा, असें सांगितलें. पण विद्यार्थ्याला माझ्याजवळ नीट उत्तर नव्हतें. तिनें स्वतः त्या दिवशीं लावलें होतें तें चेकोस्लोव्हाकियाच्या पूर्वीच्या भूमींतल्या, म्हणजे आजच्या चेक देशांतल्या, कल्ट ऑफ फायर ह्या संचाचें. २०१३ सालच्या त्या तबकडीचें नांव 'मृत्यु का तापसी अनुध्यान'. अनुवाद नव्हे, श्रोते हो. वेष्टनावर तसेंच देवनागरींत छापलें आहे. युरोपच्या मध्यभागीं बसून कोणी काळीमातेचें ध्यान करतो आहे, आणि तें विठ्ठलवाडींत पाण्याच्या टाकीखालीं ऐकलें जात आहे.

नभोवाणीवरून हें बोलतांना मला थोडा संकोच वाटतो, आणि तो संगीतामुळें नव्हे. कोणतें संगीत ऐकण्यालायक व कोणतें नव्हे हें ठरविण्याचा मोह ह्या संस्थेला पूर्वीं झालेला आहे. १९४० सालीं अखिल भारतीय नभोवाणीनें हार्मोनियमवर बंदी घातली. परकी वाद्य, मींड काढतां येत नाहीं, श्रुति बिघडवितें, असे आक्षेप होते. ज्या वाद्यावर गोविंदराव टेंब्यांनीं महाराष्ट्राला डोलविलें, तें वाद्य तीस वर्षें ध्वनिक्षेपकापाशीं येऊं शकलें नाहीं. पुढें १९५२ सालीं बाळकृष्ण केसकर मंत्री झाले आणि चित्रपटगीतांवर संक्रांत आली. लोकांनीं काय केलें? त्यांनीं यंत्राचा कांटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. शेवटीं १९५७ मध्यें विविध भारती सुरू करावी लागली. माझी पेटी तीस वर्षें अस्पृश्य होती, हें मी त्या मुलांना सांगितलें तेव्हां त्यांना फार आनंद झाला. मोबाइलवाला म्हणाला, "म्हणजे मामा, तुम्हीहि आमच्यांतलेच!"

सर्वांत शेवटीं भाच्याची पाळी आली. त्यानें डेथ नांवाच्या संचाचें नांव सांगितलें. फ्लॉरिडांतला हा संच. १९८७ सालीं त्याची पहिली तबकडी निघाली, आणि डेथ मेटलचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते. त्याचा प्रमुख चक शुल्डिनर. भाच्यानें लावलेलें गाणें १९९५ सालच्या 'सिम्बॉलिक' ह्या तबकडींतलें. ह्या खेपेस मला आंतली लय थोडी सांपडली. दोन गिटारी एकमेकींना प्रश्नोत्तरें करीत होत्या आणि ढोल मधूनच सम चुकवून पुन्हां अचूक येऊन मिळत होता. गाणें संपलें. नियमाप्रमाणें "कां" हें त्यानें आधीं सांगावयास हवें होतें. तें त्यानें सांगितलें नव्हतें, आणि कोणीं टोंकलेंहि नव्हतें.

मग तो माझ्याकडे न पाहतां म्हणाला, "हा नऊ वर्षांचा असतांना ह्याचा सोळा वर्षांचा भाऊ मोटार-अपघातांत गेला. आईबापांनीं ह्याला गिटार आणून दिली. दुःखांतून बाहेर पडावा म्हणून. मग ह्यानें सगळें आयुष्य मरणावरच गाणीं केलीं. चौतिसाव्या वर्षीं, २००१ सालीं, डोक्यांत गांठ होऊन हाहि गेला." थोडा वेळ थांबून म्हणाला, "बाबा गेल्यावर सगळे मला म्हणाले, रडूं नकोस, आतां आईकडे बघायचें आहे. हा माणूस तसें म्हणत नाहीं."

तें वाक्य त्याला सर्वांत आधीं मीं सांगितलें होतें. उल्हासनगरच्या स्मशानांत, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. त्या वेळीं तें मला धीराचें वाटलें होतें.

गाडींत जुळवून आणलेलीं उपदेशाचीं चार वाक्यें तेथल्या तेथें निरुपयोगी झालीं. गच्चीवर अंधार पडला होता. खालून कर्जत लोकल धडधडत गेली. आणि मग त्या मुलीनें मला अगदीं सहज विचारलें, "मामा, तुमची पाळी. तुम्ही सध्यां काय ऐकतां?"

श्रोते हो, मला उत्तर देतां येईना. मी रोज पेटी वाजवितों. गुरुवारीं भजन असतें. नभोवाणी घरांत दिवसभर चालू असते. पण एक चीज लावून, तोंड मिटून, शेवटपर्यंत ऐकून मला किती वर्षें झालीं तें आठवेना. "पुढच्या रविवारीं सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली.

पुढच्या रविवारीं गेलों. कुमार गंधर्वांचें एक निर्गुणी भजन घेऊन गेलों होतों. कां, हें सांगतांना मीं एवढेंच म्हटलें, कीं माझे वडील गेले त्या रात्रीं हें आमच्या शेजाऱ्याकडे लागलें होतें, आणि मीं भिंतीला कान लावून ऐकलें होतें. मुलांनीं नियम पाळला. कोणी बोललें नाहीं. संपल्यावर विद्यार्थी म्हणाला, कीं ह्या गाण्यांत मधल्या मोकळ्या जागा फार मोठ्या आहेत आणि तेथें भीति वाटते. जीन्सवाल्याला आवडलें नाहीं, संथ वाटलें, त्यानें तसें सांगितलें. मोबाइलवाल्यानें गायकाचें नांव विचारून टिपून घेतलें. एका फुप्फुसाच्या आधारानें हा माणूस गात असे, हें मीं सांगितल्यावर परिचारिकेनें तें पुन्हां लावावयास सांगितलें. भाचा कठड्याशीं उभा राहून ऐकत होता. दुसऱ्यांदा लागलें तेव्हां तो पाठमोरा झाला, आणि आम्हां कोणींहि त्याला रडूं नकोस असें म्हटलें नाहीं.

रात्रीं जेवतांना बहिणीनें मला हळूच विचारलें, "बोललास का त्याच्याशीं?" मीं म्हटलें, "बोललों."

"मग काय ठरलें?"

"पुढच्या रविवारीं पुन्हां यायचें ठरलें."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग ताटांत भात वाढीत म्हणाली, "येतांना पेटी घेऊन ये. आणि तो आवाज तेवढा बारीक ठेवायला सांग. खालचे सारखे येऊन सांगतात."